नेंगम्योन महोदयांस वऱ्हाडातून जाहीर पत्र

प्रति,
श्री. नेंगम्योन,
मूळ मुक्काम प्योंगयांग, हल्ली मुक्काम कोणाच्याही मोबाईलचा पडदा.

विषय : अकोला व अमरावती जिल्ह्यांतील घरगुती स्वयंपाकघरांत प्रवेश मिळण्याबाबत.

महोदय,

कुट्टूच्या पिठाच्या बारीक शेवया मांसाच्या निवळ, बर्फगार रश्श्यात सोडून, वर काकडी, नासपती, अर्धे उकडलेले अंडे आणि मांसाचे पातळ काप मांडून, शिरका व मोहरी घालून खाण्याचा जो कोरियन पदार्थ, तोच महोदयांचा परिचय होय. हा पदार्थ उन्हाळ्यात घरच्या घरी, अर्ध्या तासात होतो, असे महोदयांचे प्रचारक सांगतात. वस्तुतः 1849 च्या ‘दोंगगुक सेसिगी’ या कोरियन सणवारांच्या ग्रंथात महोदयांची नोंद हिवाळ्याचे अन्न म्हणून आहे, तेव्हा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या अकोल्यात येण्याचा त्यांचा आग्रह केवळ साहसाचा म्हणावा लागतो.

शेवयांच्या बाबतीत मात्र वऱ्हाडास नवखे समजण्याचे कारण नाही. कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून, काडी अलगद ओढून घेऊन, उरलेली पिळदार नळी उन्हात वाळवली की तिला सरगुंडे म्हणतात, आणि ती उकडून आंब्याच्या रसाबरोबर खाल्ली जाते, म्हणजे शिजवलेली शेवई गार पातळ पदार्थात बुडवण्याची कल्पना येथे महोदयांच्या आगमनाची वाट पाहत थांबलेली नव्हती. उलट कुट्टू हे गवतवर्गीय धान्यच नसल्यामुळे त्यात कणकेला ताण देणारे ग्लुटेन हे प्रथिन नसते, म्हणून महोदयांच्या शेवया तुटू नयेत यासाठी बटाट्याचा किंवा रताळ्याचा स्टार्च मिसळावा लागतो. बन्सी नावाचा कठीण दाण्याचा गहू ज्या प्रांताला ठाऊक आहे, त्याच्यापुढे ही तडजोड फार मिरवण्यासारखी नाही. मोहरीचीही तीच गत, कारण ती गार पाण्यात फेसली की नाकाला झोंबते आणि कढत पाण्याने तिचा तिखटपणा मरतो, हे येथील लोणची घालणाऱ्या बायांना कोरियाने शिकवलेले नाही.

मांसाविषयी कागदपत्रे तपासणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात गोहत्येस 1976 च्या पशुसंरक्षण अधिनियमाने बंदी होती. त्यात 1995 मध्ये विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती 2015 मध्ये मिळाली, म्हणजे वीस वर्षे कागद हलला नाही आणि हलला तेव्हा बैल व वळूही बंदीत आले. म्हशींना प्रमाणपत्राच्या अटीवर मोकळीक राहिली, त्यामुळे महोदयांना या राज्यात यायचे तर म्हशीच्या मांसाचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘मोठ्याचे’ किंवा ‘बडे का’ म्हणतात त्याचा, आधार घ्यावा लागेल. हे मांस राठ तंतूंचे असल्याने मंद आचेवर बराच वेळ शिजवावे लागते आणि प्रचारकांचा अर्धा तास तेथेच संपतो. पुढे रस्सा निवळ हवा म्हणून गार करून वरची चरबी काढायची असते, परंतु गुरांची चरबी साधारण 40 अंशांच्या वर वितळत असल्याने मे महिन्यातील अकोल्याच्या दुपारी गोठावे की पातळ राहावे, हे तिचे तिलाच ठरवता येत नाही. फ्रीजमध्ये ठेवावे तर नळीच्या हाडांतून उतरलेल्या जिलेटिनमुळे सगळ्या रश्श्याची जेली होते, म्हणून हाडे बेताने आणि सीन्याचे मांस अधिक, असे प्रमाण पाळणे बरे.

मुख्य हरकत याहून वेगळी आहे. महोदयांच्या पाककृतीत ‘घर’ असे एकच गृहीत धरलेले असून ते कोणाचे, याचा उल्लेख नाही. वऱ्हाडात ज्या घरांना मोठ्याचे मांस कापणे, शिजवणे आणि त्याच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करणे पिढ्यानपिढ्या अवगत आहे, त्यांच्या चुली मराठी पाककृतींच्या पुस्तकांत क्वचितच पेटतात. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आले, तेही शेजारच्या मराठवाड्याच्या दलित स्वयंपाकाविषयी. ईदला शिरखुर्म्याच्या शेवया आणि एरवी मोठ्याचा रस्सा एकाच ओट्यावर करणारी अकोल्यातील मुस्लिम गृहिणी ही खरे तर महोदयांची येथील सर्वांत योग्य यजमान, परंतु तिच्याकडे अर्ज करावा असे आजवर कोणत्याही प्रचारकास सुचलेले दिसत नाही. ज्या घरांत महोदय पडद्यावर कौतुकाने पाहिले जातात, त्यांतील अनेकांत त्यांना पनीर होऊन यावे लागेल, हेही येथेच नोंदवलेले बरे.

सबब, अर्ज फेटाळला नसून योग्य पत्त्यावर पाठवण्यासाठी परत केला आहे. फेरअर्ज डिसेंबरात करावा, त्या वेळी बाजारात मुळा असतो आणि नासपतीच्या जागी चालणारी वरुड-मोर्शीची संत्रीही असतात. बर्फ विकत आणायचा झाल्यास रंग पाहून घ्यावा, कारण 2018 पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळा करण्याचा नियम आहे. मांसाची पावती सोबत बाळगावी.

कळावे,
वऱ्हाडातील समस्त सरगुंड्यांच्या वतीने