कुत्र्याचे न ऐकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मराठी घरात कुत्रा येतो तो मुलांच्या हट्टाने आणि राहतो तो आईच्या जिवावर. या दोन घटनांच्या दरम्यान घरातला प्रत्येक जण श्वानतज्ज्ञ झालेला असतो. प्रस्तुत मार्गदर्शन या तज्ज्ञांसाठी आहे. कुत्रा दिवसभर काही ना काही सांगत असतो: शेपटीने, कानांनी, जांभईने, एरवीपेक्षा जास्त पाणी पिऊन, जेवणाकडे पाठ फिरवून. त्यातला एकही शब्द कानावर न घेता त्याला दहा-बारा वर्षे अत्यंत प्रेमाने सांभाळणे हे येरागबाळ्याचे काम नाही. तरीही ते साधलेली दोन-चार घरे प्रत्येक सोसायटीत सापडतात.

सुरुवात नावापासून. मोती, खंड्या, वाघ्या ही नावे आता इतिहासजमा झाली. आता ब्रुनो, सिंबा, कोको. सोयीसाठी येथे ब्रुनोच धरू. आज्ञा इंग्रजीत द्याव्यात, लाड मराठीत करावेत आणि संतापाच्या क्षणी दोन्ही भाषा एकत्र वापराव्यात. "ब्रुनो, नो म्हटलं ना रे मेल्या!" या वाक्यातली नेमकी आज्ञा कोणती, हे शोधण्याची जबाबदारी ब्रुनोची.

पिल्लू शक्य तितके लहान आणावे. चार आठवड्यांचे मिळाले तर फारच छान, कारण ते ओंजळीत मावते आणि फोटोत गोड दिसते. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. पुढच्या आठवड्यांत भावंडांशी मस्ती करताना ते एक महत्त्वाचा धडा शिकते: दात जोरात रुतवले की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो. म्हणून आठ आठवडे तरी त्याला आईजवळ राहू द्यावे, असे पशुवैद्य सांगतात. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी चिंता करू नये. हाच धडा घरातल्या धाकट्या मुलाच्या पोटरीवरही शिकता येतो.

आता एक नाजूक मुद्दा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्ले वाढवून पाहिली आणि 1965 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचे निरीक्षण असे, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारे सताड उघडी असतात. या काळात जे भेटते ते आपले वाटते. हेल्मेट घातलेला माणूस, काळी छत्री, कुकरची शिट्टी, काठी टेकत चालणारे आजोबा, सिलिंडर खांद्यावरून आणणारा माणूस, सगळे. नंतर दारे हळूहळू लोटली जातात आणि नवी गोष्ट संशयास्पद ठरू लागते.

नेमक्या याच काळात लसीकरण चालू असते. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या. इतक्या वेळा टोचण्याचे कारण डॉक्टरांची फी नसून पिल्लाची आई आहे. तिच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला जपते आणि जपता जपता लशीलाही निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लस. तोवर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची धास्ती असते आणि रस्त्यावर फिरवणे धोक्याचे.

पशुवैद्यांचा यावरचा तोडगा अगदी बेचव आहे: पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवा, लस झालेल्या ओळखीच्या मोठ्या कुत्र्यांच्या घरी न्या. घरच्या तज्ज्ञांचा तोडगा सुटसुटीत असतो. चार महिने बाल्कनीत ठेवावे आणि मग थेट विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथकासमोर उभे करावे. ब्रुनो त्यानंतर कपाटामागून निघाला नाही, तर "भित्रा निघाला, जातच तशी" असे म्हणून विषय संपवता येतो.

चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत दात बदलतात. अठ्ठावीस दुधाचे पडतात, बेचाळीस कायमचे येतात. हिरड्या शिवशिवतात आणि घरातली सर्वांत महाग चप्पल सापडते. येथून पुढे कुटुंबाचे रूपांतर न्यायालयात होते.

या न्यायालयाची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. गुन्हा सकाळी अकराला घडतो, सुनावणी संध्याकाळी सातला. फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश एकच असतात. आरोपी कान पाडतो, नजर चोरतो, शेपूट पायांत घालतो. "बघा, त्याला कळतंय काय केलंय ते!" हा एवढाच पुरावा पुरतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये या पुराव्याची उलटतपासणी घेतली. चौदा कुत्र्यांना त्यांच्या मालकांनी समोरचा खाऊ खायचा नाही असे बजावले आणि मालक खोलीबाहेर गेले. परतल्यावर कधी त्यांना खरे सांगितले, कधी खोटे. त्यामुळे ज्याने खाऊला तोंडही लावले नव्हते अशा कुत्र्यालाही कधी ओरडा बसला. तो अपराधी चेहरा खाऊ खाल्ल्यावर येत नव्हता, ओरडा बसल्यावर येत होता. आणि सर्वांत अपराधी दिसले ते विनाकारण बोलणी खाणारे निर्दोष.

अर्थात एवढ्याने घरगुती न्यायदान थांबवण्याचे कारण नाही. आरोपी अपिलात जात नाही.

शेपटीचा अर्थ तर शाळकरी मुलालाही ठाऊक असतो: हलली म्हणजे खूश. इटलीतल्या काही संशोधकांनी 2007 मध्ये कॅमेरे लावून मोजले तेव्हा दिसले, की मालक समोर आला की शेपटीचा झोका कुत्र्याच्या उजवीकडे जास्त जातो आणि अनोळखी, दांडगा कुत्रा समोर आला की डावीकडे. इतका बारीक हिशेब कोण ठेवणार? तसेच जांभई म्हणजे झोप, ओठांवरून फिरणारी जीभ म्हणजे भूक, असे धरून चालावे. मुलाने ब्रुनोच्या गळ्यात मिठी मारली आहे, ब्रुनोने तोंड पलीकडे वळवले आहे, डोळ्यांचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसतो आहे, ओठ आवळलेले आहेत. हा फोटो "जिवलग मित्र" या ओळीसह ताबडतोब सर्वांना पाठवावा. पुढे एखाद्या दिवशी ब्रुनो गुरगुरला तर "अचानक काय झालं याला!" म्हणायला सगळे मोकळे.

आहार हा आजोबांचा विभाग. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा त्यांना पाठ असते. कथेत ती वाटी एकदाच निघते. घरात ती दोन्ही जेवणांना निघते आणि चहाच्या वेळी बिस्किटे वेगळी. आजोबांना विज्ञानाचाही थोडा पाठिंबा आहे. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले, की पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याशेजारी हजारो वर्षे काढल्याचा हा परिणाम असावा. तेव्हा पोळी हे विष नाही. पण त्याच ताटातल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिऱ्यातल्या बेदाण्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, चॉकलेट हृदयाला झेपत नाही आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममधल्या झायलिटॉलने रक्तातली साखर धाडकन कोसळते. "आमच्या मोतीने आयुष्यभर सगळं खाल्लं," असे आजोबा यावर सांगतील. मोती कशाने गेला हे कुणी तपासले नव्हते, एवढे त्यांच्यासमोर बोलू नये.

प्रमाणाचा प्रश्न त्याहून अवघड. अमेरिकेत लॅब्रॅडॉर पिल्लांच्या चोवीस जोड्या चौदा वर्षे पाहिल्या गेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे भरले, दुसऱ्या गटाचे 11.2. सांधेही कमी खाणाऱ्यांचे उशिरा दुखू लागले. हा अभ्यास कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला होता, ही त्यातली गंमत. बरगड्यांवरून अलगद हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, अशी साधी कसोटी पशुवैद्य सांगतात. आपल्याकडे बरगड्या लागणे ही घराण्याची बेअब्रू असते.

आजारपणात नाकाला हात लावून निदान करावे. नाक कोरडे आणि अंग गरम, म्हणजे ताप. म्हणजे घरातल्या डब्यातली अर्धी पॅरासिटामॉल. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या तळहाताला ते जन्मभर तापलेलेच लागते, आणि नाकाच्या ओलीवरून ताप ठरत नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मात्र त्याच्या यकृताची, पोटाची, मूत्रपिंडांची खरोखर वाट लावू शकते. पावसाळ्यात खरा ताप येतो तो बहुधा गोचिडांमुळे. तेव्हा हिरड्या पांढुरक्या पडतात. पण हिरड्या पाहायच्या तर तोंड उघडावे लागते, आणि ते मागच्या दिवाळीनंतर कुणी उघडलेले नसते.

मादी असेल तर "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" हे वाक्य शेजारच्या काकू म्हणतातच. त्या पिल्लांना घरे कोण शोधणार हे काकू सांगत नाहीत. शस्त्रक्रिया न केलेल्या मादीला वय वाढल्यावर माजानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. तेव्हा ती मरगळते, घटाघटा पाणी पिते. घरच्यांच्या मते तो उन्हाळा असतो.

कुत्रा चावला तर काय, या प्रश्नापाशी मार्गदर्शकाला विनोद सुचत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचे. हळद, चुना, मिरचीपूड यांचे काम स्वयंपाकघरात. पोटातली चौदा इंजेक्शने इतिहासजमा झाली. लस आता दंडात किंवा कातडीत टोचतात. लक्षणे दिसू लागली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

ब्रुनो सातचा झाला की घरात सातने गुणाकार होतो आणि एकोणपन्नास उत्तर येते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2020 मध्ये लॅब्रॅडॉरांच्या डीएनएवरच्या खुणा मोजून वेगळे सूत्र मांडले. त्यानुसार एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या एकतिशीत असतो आणि सातचा बासष्टीत. म्हणजे ज्याला घर अजून पोरगा समजते तो निवृत्तीचे कागद भरून बसलेला असतो. तो जिना चढताना थबकतो, तेव्हा "आळशी झालाय" म्हणावे. डोळ्यांत निळसर धुके दिसले की मोतीबिंदू जाहीर करावा, मग ते वयानुसार भिंगाला आलेले साधे धूसरपण का असेना. तो रात्री उठून फिरतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, इतक्या वर्षांची शिस्त विसरून पायपुसण्यावर लघवी करतो. त्याला "हट्टीपणा" म्हणावे. स्मृतिभ्रंश आजोबांना होतो, कुत्र्याला कुठला?

असा ब्रुनो तेराव्या वर्षी दिवाणखान्यात उभा असतो. कान जवळजवळ गेलेले. पाहुण्यांसमोर धाकटा, जो आता कॉलेजात आहे, मोठ्याने म्हणतो, "ब्रुनो, सिट!" ब्रुनोला काहीच ऐकू आलेले नसते. पण मागच्या पायांत कळ येते, उभे राहवत नाही, आणि तो हळूहळू खाली बसतो.

"बघा," आजी पाहुण्यांना सांगतात, "अजून किती ऐकतो!"