तापनियंत्रकाचा कान पिळण्याची योग्य पद्धत

प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्याने तापनियंत्रकाला हात लावण्यापूर्वी त्याचे माहितीपुस्तक वाचावे. ते सापडत नाही. डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंद आहे, पुस्तक कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली रजेवर गेली आहे. तोवर पुढील मार्गदर्शनावर भागवावे.

समोर गोल बुडाचा फ्लास्क, त्याला कुशीत घेणारे हीटिंग मॅन्टल आणि शेजारी नियंत्रकाचा डबा आहे असे धरू. डब्यावर एक बटण, भोवती १ ते १० आकडे. बटण ४ वर ठेवले की चाळीस अंश, असे ठामपणे सांगणारा एक वरिष्ठ विद्यार्थी प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. त्याचे आदराने ऐकावे आणि लगेच विसरावे. या आकड्यांचा अंशांशी काडीचा संबंध नाही. जुन्या डब्यात दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापली की वाकून वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. बटण फिरवून आपण विजेचा जोर नव्हे, तर तिच्या कामाचे तास ठरवत असतो. डिजिटल डबाही बहुधा तेच करतो. शक्ती ३० टक्के लावली आणि आवर्तन २० सेकंदांचे असले, तर कॉइल ६ सेकंद जीव तोडून तापते आणि १४ सेकंद स्वस्थ बसते. ही कार्यपद्धती कित्येक कार्यालयांत फार पूर्वीपासून रूढ आहे, त्यामुळे बिचकू नये.

आता शक्ती किती लावावी? अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे १५७ किलोज्यूल लागतात. ३०० वॉटचे मॅन्टल पूर्ण शक्तीवर हे काम कागदावर पावणेनऊ मिनिटांत करते. ३० टक्क्यांवर कागद म्हणतो एकोणतीस मिनिटे. पण प्रत्यक्षात काच आणि हवा आपला वाटा आधीच काढून घेतात, आणि पाणी उकळण्याचा विचार करत तिथेच थांबू शकते. शिवाय टक्केवारी कशाची, तर भिंतीतून जे येते त्याची. २३० व्होल्टचे दुपारी २०० झाले, की ३०० वॉटचे सुमारे २२७ उरतात. डब्यावरचा आकडा मात्र तसूभरही हलत नाही. त्याच्या या निष्ठेला फसू नये.

डिजिटल डब्यावर दोन ओळी चमकतात. पीव्ही म्हणजे आहे ते तापमान, एसव्ही म्हणजे हवे ते. सेटचे बटण हलकेच दाबले, तर बहुतेक डब्यांत एसव्ही बदलता येते. तेच दाबून धरले, तर आपण तळघरात उतरतो. तिथे प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह अशी तीन मंडळी राहतात. त्यांना वठणीवर आणण्याची रीत झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ सालीच लिहून ठेवली आहे, तरी आपण हात जोडून वर यावे. फारच उत्साह असल्यास ऑटोट्यून लावावे, पण फ्लास्कमध्ये साधे पाणी असताना. ऑटोट्यून तापमान मुद्दाम वरखाली झुलवते. महिनाभर खपून बनवलेले संयुग हा झोपाळ्यात बसवण्याचा माल नव्हे.

सेन्सरचे टोक द्रवात बुडालेच पाहिजे. ते सुटून टेबलावर पडले, तर नियंत्रकाला सगळे जग थंडगार भासते आणि तो कर्तव्यबुद्धीने पूर्ण शक्ती ओतत राहतो. त्याचा यात दोष नाही.

टायमर लावताना दोन चौकशा कराव्यात. १:३० म्हणजे दीड तास की दीड मिनिट? आणि मोजणी सुरू कधी होते: बटण दाबल्यापासून की तापमान गाठल्यापासून? सांडपाण्याचे प्रदूषण मोजणाऱ्या सीओडी चाचणीसाठी नमुना १५० अंशांवर दोन तास ठेवायचा असतो. मोजणी बटणापासून धरली, तर तापण्यातली मिनिटे त्या दोन तासांतच खपतात. नदी कागदोपत्री स्वच्छ होण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. वीज जाऊन आल्यावर टायमर पुढे मोजतो, पहिल्यापासून मोजतो की मौन पाळतो, हे कंपनीगणिक बदलते; ते प्रयोगशाळेतल्या परिचर मामांना विचारावे.

काही सूचना मात्र गंमत बाजूला ठेवून. जुन्या डब्यातली पट्टी वीज जोडता-तोडता ठिणगी टाकते, आणि इथरची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. इथर मॅन्टलवर ठेवू नये. उकळी संथ राहावी म्हणून घालायचे पोर्सिलीनचे तुकडे थंड द्रवात टाकावेत, तापलेल्या द्रवात टाकले तर तो उसळून अंगावर येतो. मॅन्टल लॅब जॅकवर ठेवावे, कारण शून्यावर नेले तरी ते बराच वेळ तापलेले राहते आणि ते फ्लास्कखालून काढणे हाच खरा ब्रेक.

राहता राहिला बटणाचा नेमका आकडा. नीट पाहिल्यास पाच आणि सहाच्या मध्ये मार्करची पुसट रेघ दिसेल. ती मामांनी मारली आहे: याच मॅन्टलवर, याच मापाच्या फ्लास्कसाठी, थर्मामीटर बुडवून. त्या डब्यावरचे तेवढेच एक मोजमाप विश्वासाचे. आपला फ्लास्क वेगळा असल्यास आपणही तसेच करावे, शेजारी दुसऱ्या रंगाची रेघ मारावी आणि तिच्यावर सेलोटेप चिकटवावी, कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणीतरी अ‍ॅसिटोनचा बोळा घेऊन सगळी उपकरणे चकाचक करत फिरतो.