राज्यमाशाचा पत्ता

घट बसले, ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजू लागलं आणि सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील लटकले, की गावात एकच चौकशी सुरू होते: आज पापलेट कोणाला लागलं? पूर्वी लोक ‘किती लागलं’ असं विचारायचे. ज्याला लागलं तो अर्थातच तोंड उघडत नाही. पण बर्फाची पेटी उचलताना दोन माणसं लागली की एक, हे शेजारणीने ओटीवरून पाहिलेलं असतं, आणि पेटी मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर चढायच्या आत वजन साऱ्या गावाला ठाऊक झालेलं असतं.

माशाचा मानपान मात्र वाढला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मागणी इथल्याच मच्छीमारांची, त्यामुळे कुरकुरायलाही जागा नाही. तरी आधीची मंडळी आठवून पाहा. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल. यांतलं कोण तुमच्या दारात शेवटचं कधी आलं होतं? त्या हिशेबाने कावळा, म्हैस आणि मांदेली यांना सध्या तरी सन्मानाची भीती नाही.

मान आला तशी शिस्तही आली. 135 मिलिमीटरहून लहान पापलेट पकडायचं नाही, असा नियम झाला. वितीपेक्षाही कमी माप, नियम अगदी रास्त. अडचण एवढीच की डोल जाळं प्रवाहात तोंड वासून उभं असतं आणि वाहत येईल ते आत घेतं. पाऊस सरल्यावर येणारी पिल्लं जन्मदाखला घेऊन येत नाहीत. तांडेलाने पट्टी काढून मोजेपर्यंत पिल्लू मेलेलं असतं. मग मोठं होण्यासाठी त्याला परत समुद्रात सोडायचं. आमचे लोकही काही कमी नाहीत. पिल्लं मारायची नाहीत म्हणून सभेत हात वर होतात, आणि तेच हात पहाटे डोलीची खोळ सोडतात.

समुद्राला नारळ देऊन मग बोटी लोटायच्या, हा बापजाद्यांचा रिवाज. पावसाळी मासेमारीवरची कायद्याची बंदी 31 जुलैला संपते, त्यामुळे बहुतेक वर्षी बोटी आधी जातात आणि नारळ मागून. कोजागरीला आम्ही चंद्राकडे बघत दूध आटवतो, पण कोकणच्या समुद्रात त्याहून झगझगीत एलईडी लावून मासे गोळा करणारे आहेत. त्या दिव्यांवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली. म्हणजे दिवे बेकायदा आहेत, विझलेले नाहीत.

एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. आम्ही झोपेत शेतकरी झालो. सवलती मिळतील तेव्हा मिळोत, गावाला आतापासून पंचनाम्याची धास्ती आहे. तलाठी बोटीत बसून बांध कुठला विचारणार, आणि जाळी लावण्याच्या जागेवरून वर्षानुवर्षं भांडणारे दोघे दोन दिशांना बोट दाखवणार.

दिवाळी जवळ आली की खलाशी भात कापायला आपापल्या पाड्यांवर जातात. बोटी बंदरात, मालक ओटीवर. जावई येतो तेव्हा पापलेटच मागतो, कारण सासुरवाडी सातपाटीची. सासूबाई विकणारणीला भाव विचारतात, दोन पावलं मागे सरतात आणि घरी येऊन जाहीर करतात की डॉक्टरांनी सगळ्यांना बोंबील खायला सांगितलंय.

आता मुख्य दुखणं. आमच्या खाडीत इतका गाळ साचलाय की बोटींना आत यायला भरतीची वाट पाहावी लागते. माल घेऊन आलेली बोट बाहेर उभी, बर्फ आत वितळतोय आणि व्यापारी किनाऱ्यावर भाव पाडतोय. तिकडे उत्तरेला, डहाणूजवळ वाढवणला 76,220 कोटींचं बंदर होतंय. पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. तिथे मोठ्या जहाजांसाठी सुमारे वीस मीटर खोल पाणी आहे आणि त्याच समुद्रात 1,448 हेक्टर भराव घालायचा आहे. मच्छीमार विरोध करतायत, मोर्चे काढतायत. विरोध आपल्या जागी. पण ज्यांना समुद्र बुजवायचाय आणि ज्यांची खाडी फुकटात बुजलीय, ते एकाच जिल्ह्यात राहून एकमेकांना भेटत नाहीत, याला काय म्हणावं?

म्हणून पारावर असा बेत शिजलाय की सातपाटीचा गाळ वाढवणला भेट द्यावा. वाहतूक त्यांची, गाळ आमचा, पैसे नकोत. अर्ज लिहून झालाय, शुद्धलेखन मास्तरांनी तपासलंय. सही तेवढी सोसायटीच्या अध्यक्षांची राहिलीय. ते पहाटेच बोट घेऊन परतलेत, पण ओहोटी लागल्यामुळे खाडीच्या तोंडाशी अडकलेत.