शिफारशीस कारण की…

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात शिफारस म्हटलं की डोळ्यांसमोर आधी कंपनीचं गेट येतं. ‘आत कोणी ओळखीचं आहे का?’ हा इथला पहिला प्रश्न, आणि ‘सांगून ठेवलंय’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. दापोडीतला आमचा लिहिणाऱ्यांचा गट मात्र दर रविवारी अशी शिफारस करतो, की जिच्यामुळे कोणाचा पगार वाढत नाही आणि कोणी परमनंटही होत नाही.

एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून आम्ही बसतो. चिठ्ठीवर निघेल त्या विषयावर दहा मिनिटं लिहायचं. पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. सुचेनासं झालं तर ‘सुचत नाही’ असंच लिहीत राहायचं. युक्ती आमची नव्हे. पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७३ साली ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात ती मांडली.

लिहिण्यापर्यंत सगळं सुरळीत चालतं. वाचून झालं, की प्रत्येकाने दुसऱ्या कोणाच्या तरी मजकुराची शिफारस करायची, आणि भलेभले चष्मा पुसायला लागतात. कोणी ‘छान होतं’ म्हणून सुटका करून घेतो. निवृत्त गुरुजी आधी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतात, मग ‘भाव मात्र चांगला’ म्हणून पास करतात. काहींचं सरळ साटंलोटं असतं, मागच्या रविवारचं कौतुक या रविवारी फेडायचं. एक आजोबा तर कोणाच्याही पावसावरून स्वतःच्या आठवणींत शिरतात आणि पानशेतच्या पुरापर्यंत जाऊन येतात. शिफारस कोणाची चालली होती, हे तोवर त्यांच्यासकट सगळे विसरलेले असतात.

एल्बोंनी यावरही उपाय सांगितला आहे. मत देण्याआधी, ऐकताना कुठले शब्द मनात अडकले तेवढे दाखवा. करायला जा, मग कळतं काय ते! मत देण्यासाठी ऐकावं लागतंच असं नाही. शब्द दाखवायचे तर ऐकावंच लागतं.

तेव्हा या नियमाने माझ्या शिफारशी अशा. पहिली, एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या काकांची. विषय होता ‘दार’. एसटीचं दार हळू लावून लागत नाही, त्यामुळे निवृत्तीनंतरही ते घरचं दार तसंच आपटत राहिले. शेवटी काकू आतून म्हणाल्या, “आता डबल बेल द्या, म्हणजे गाडी सुटेल.” शिफारस अर्थात काकूंची. काकांनी फक्त मध्ये न बोलता ते उतरवून घेतलं.

दुसरी, एका ताईंची. त्यांनी निम्मं पान ‘सुचत नाही’नेच भरलं. मधेच घरी लावून आलेल्या कुकरच्या शिट्ट्यांचा अंदाज, आणि शेवटी एकदम, ‘मला सुचत नाही, पण सासूबाईंना सुचतं आणि करावं मला लागतं.’ ताई पूर्ण वेळ विचार करून लिहायला बसल्या असत्या, तर पहिल्यांदा हेच वाक्य खोडलं असतं.

तिसरी, पुण्यात नोकरीला जाणाऱ्या एका तरुणाची. विषय ‘पूल’. हॅरिस पुलावर तो ट्रॅफिकमध्ये अडकतो, खाली नदीवर पसरलेल्या जलपर्णीकडे बघतो, आणि त्या हिरव्या मैदानावर मनातल्या मनात क्रिकेट लावतो. दहा मिनिटं संपली तरी पूल ओलांडून झाला नव्हता. गुरुजी म्हणाले, शेवट नाही. रोज त्या पुलावरून जाणारे म्हणाले, असाच असतो.

एकमेकांचं ऐकणाऱ्यांची टर उडते, हे आम्हाला ठाऊक आहे. १९२३ साली पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळातले माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांच्यासारखे कवी रविवारी चहाला जमून कविता वाचत. दोनच वर्षांत अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मधून त्या धाटणीच्या कवितेची यथेच्छ खिल्ली उडवली. पण विडंबन करायचं तर मूळ कविता ओळ न ओळ कानात असावी लागते. म्हणजे अत्र्यांइतका कसून वाचणारा वाचक मंडळाला आयता मिळाला!

आमचे हे तुकडे कुठल्या दिवाळी अंकात जाणार नाहीत. वही भरली की त्यांची वाट रद्दीकडे. पार्किंगबाहेर ते पडतात, ते कोणीतरी तिसऱ्याला सांगितले तरच. काकूंची डबल बेल मी लोणावळा लोकलमध्ये शेजारच्या बाईंना सांगितली. कासारवाडी येईपर्यंत त्यांनी ती फोनवर आपल्या बहिणीला सांगून टाकली होती, आणि त्यात एसटीची मेट्रो झाली होती.

या पट्ट्यात ही परंपरा जुनीच आहे. तुकोबांचे अभंग उतरवून जपणारे संताजी जगनाडे चाकणचेच. कुठे ते अभंग आणि कुठे आमच्या कुकरच्या शिट्ट्या! पण दुसऱ्याचं लिखाण आपलं काम समजून पुढे न्यायचं, एवढा धडा कुकरलाही चालतो.

म्हणून नवा माणूस आला, की त्याला आम्ही सांगतो, लिहिणं जमलं नाही तरी चालेल. जाताना दुसऱ्याचं एक वाक्य पाठ करून जा आणि घरी कोणाला तरी ऐकव. आणि जो नुसतं ‘छान होतं’ म्हणेल, त्याने सगळ्यांचा चहा द्यायचा. चहासाठी वर्गणी काढायची वेळ अजून आलेली नाही.