वेगळ्या नावांची गर्दी
मुलीचं नाव ‘कुणाचंच नसलेलं’ हवं, असा आईबाबांचा हट्ट. म्हणून बालवाडीच्या हजेरीत मायरा, कियारा, शनाया, अनाया अशी एकाच साच्यातली पलटण उभी राहते. सगळ्यांनी राशीचं अक्षर घेऊन मोबाइलवरची तीच यादी चाळल्यावर दुसरं काय होणार? जुनी नावं काकूबाई वाटतात, हे खरं. पण कुसुम आणि नलिनीही एकेकाळी नव्या फॅशनच्याच होत्या. दुर्मीळच हवं तर द्वारका ठेवा, वर्गात दुसरी सापडायची नाही. आणि ‘नावात काय आहे?’ म्हणणाऱ्यांनी सातारा आठवावा: २०११ साली तिथे ‘नकुशी’ नाव मिळालेल्या अडीचशेहून अधिक मुलींचं समारंभपूर्वक नव्याने बारसं करावं लागलं. नाव चारचौघींसारखं असलं तरी चालेल. मुलगी मात्र हवीशी असू द्या.