विषय क्रमांक सात: ससा

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दोन तट पडलेत आणि नवल म्हणजे पार्किंगवरून नव्हे, सशावरून. गणपतीत आवारात पडदा बांधून ‘अंधाधुन’ दाखवला. पुण्यात घडणारा सिनेमा, त्यात राधिका आपटे, अश्विनी काळसेकर, छाया कदम. तेव्हा सांस्कृतिक कार्यक्रमात खपून जाईल, असा कार्यकारिणीचा हिशेब. वर राष्ट्रीय पुरस्कारही आहे म्हणाले, म्हणजे मुलांनी बघायला हरकत नाही. श्रीराम राघवन यांचा हा सिनेमा 5 ऑक्टोबर 2018 ला आला, गाजला, दक्षिणेत तीन भाषांत पुन्हा निघाला. आमच्याकडे तो यंदा पोचला आणि अजून संपलेला नाही.

(पुढे शेवट फोडला आहे, पाहायचा असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. आम्हाला ही सवलत मिळाली नव्हती. मध्यंतरात वडापावच्या रांगेत खजिनदारांनी सगळं सांगून टाकलं. लंडनमध्ये 1952 पासून ‘द माउसट्रॅप’ नावाचं नाटक चालतं. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आपल्याकडे 1997 साली सिनेमाचं नावच ‘गुप्त’ ठेवून पाहिलं, तर काजोलला खलभूमिकेचं फिल्मफेअर देऊन रहस्य थेट व्यासपीठावरून जाहीर झालं.)

तर आकाश हा पियानोवाला. आधी आंधळेपणाचं सोंग घेणारा, मग सिमी या खलनायिकेच्या कृपेने खरोखर आंधळा झालेला. दोन वर्षांनी पोलंडमध्ये तो जुन्या मैत्रिणीला सांगतो: सिमी माझ्या अंगावर गाडी घालत होती, शेतकऱ्याने सशावर गोळी झाडली, ससा उडून काचेवर आदळला, गाडी उलटली, सिमी मेली. मैत्रीण हळहळते. हा काठी टेकत निघतो आणि वाटेत पडलेला डबा त्याच काठीने नेमका टोलवतो. संपलं. दिवे लागले, आणि कोणी उठेना.

ससा पक्षाचं म्हणणं, आकाश खरं बोलतो. सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात कोबीच्या मळ्यात तो शेतकरी आणि एका डोळ्याने अधू ससा दिसतो. तेव्हा तर आकाश गोष्ट सांगत नव्हता. या पक्षात शाकाहारी मंडळी जास्त आहेत, का ते कळलेलं नाही. डबा पक्षाचं म्हणणं, ज्याला डबा दिसला त्याला डोळे मिळाले. डोळे मिळाले म्हणजे सिमीचेच. म्हणजे ससा बनावट. शिवाय काठीच्या मुठीवर सशाचं डोकं कोरलंय, थाप तिथूनच सुचली. आणि जो माणूस अर्धा सिनेमा आंधळा असल्याचं खोटं बोलला, त्याच्यावर शेवटच्या पाच मिनिटांत विश्वास ठेवायचा?

तिसरा गट सगळ्यात मोठा: ‘मला आधीच कळलं होतं.’ काय कळलं होतं, ते सांगत नाहीत. ज्यांना अख्खं रहस्य पंधराव्या मिनिटाला उलगडतं, त्यांना टाकी सफाईचं एकच बिल दोनदा कसं निघालं हे तीन सभा होऊन उलगडलेलं नाही. गावठाणातले एक आगरी काका पाहुणे म्हणून आले होते. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, “पन त्या कोबीवाल्याची नुकसानभरपाई कोन देल?” शेवटाबद्दल ऐकलेला एवढाच नेमका प्रश्न, आणि त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

कायद्याप्रमाणे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, ती घेतली. मागील सभेचं इतिवृत्त कायम झालं, लेखापरीक्षकाची नेमणूक झाली, लिफ्टचा विषय पुढे ढकलला. मग अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय क्रमांक सात: आकाशला दिसतं की नाही. सूचक डबा पक्षाचे, अनुमोदक नाइलाजाने त्यांच्या सौ. हात वर करून मतदान झालं, समसमान पडलं. निर्णायक मत अध्यक्षांचं; पण ते मध्यंतरानंतर झोपले होते, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. सेक्रेटरींनी तोडगा सुचवला: दिग्दर्शकांना नोटीस पाठवावी, पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या. ठराव एकमताने संमत. थकबाकीदारांना कधी अशी नोटीस गेल्याचं आठवत नाही.

गंमत अशी की रहस्यपटांची आम्हाला सवय नाही असं नाही. गोल्डन नेस्टजवळच्या नव्या उड्डाणपुलाने 2026 च्या जानेवारीत देशाला असाच धक्का दिला: चार मार्गिकांचा पूल पुढे जाऊन एकदम दोन मार्गिकांचा होतो. तिथेही दोन तट पडले. एमएमआरडीएने सांगितलं, ही रचनेतली चूक नव्हे. दोन मार्गिका भाईंदर पूर्वेसाठी, उरलेल्या दोन पुढे रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला न्यायच्या आहेत. म्हणजे भाग दुसरा लवकरच. आमच्या सभेत यावर चकार शब्द निघाला नाही. आकाशकडून पैन् पैचा हिशेब मागणारे गृहस्थ त्या पुलावर मुकाट्याने डावा सिग्नल देऊन एका रांगेत घुसतात. पाणी अमुक वाजता येईल या निरोपावर त्यांची श्रद्धा आहे, पुनर्विकासात दोन वर्षांत चावी मिळेल यावर तर भक्तीच आहे. खोटं ठरवलंय ते फक्त सशाला.

माझं मत डब्याला. माणूस खोटारडा आहे, पण बिचाऱ्याने ती थाप पाच मिनिटांत आटोपती घेतली, मुदतवाढ मागितली नाही. ससा पक्षाने आपल्या हरकती सेक्रेटरींकडे लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी. सोबत चालू महिन्याच्या मेंटेनन्सची पावती जोडावी. त्याशिवाय सशाचा विचार होणार नाही.