धंदा घरात मांडावा की गाळ्यात? : होतकरू उद्योजकांसाठी सहा पायऱ्यांची मार्गदर्शिका

दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी चकली दोनदा मागून घेतली, की त्यातला एक जण हमखास म्हणतो, "अहो, तुम्ही ऑर्डरी का घेत नाही?" तो घरी जातो आणि विसरतो. तुम्ही विसरत नाही. ऑर्डरी घ्यायच्या हे ठरतं आणि मग खरा पेच उभा राहतो : घरातूनच करावं, की एखादा गाळा बघावा? त्यासाठी हे मार्गदर्शन. उदाहरण फराळाचं घेतलं आहे. शिकवणी, शिवणकाम किंवा फॉल-पिको करणाऱ्यांनी कढईच्या जागी आपापलं साधन वाचावं.

पायरी पहिली : उपलब्ध जागा मोजणे

घर दोन बेडरूमचं आहे असं धरू. एक बेडरूम सासू-सासऱ्यांची, दुसरी तुमची आणि मुलाच्या दप्तराची, हॉल टीव्हीचा, स्वयंपाकघर सगळ्यांचं. यातून उरते ती धंद्याची जागा. ती साधारणपणे फ्रीजच्या डोक्यावर असते.

आता पाच किलो चकलीची ऑर्डर आली असं समजा. भाजणीची उकड काढायला पातेलं, मळायला परात, सोऱ्या, कढई, निथळायला चाळणी, इथवर ओट्यावर भागतं. पुढे अडतं. गरम चकली डब्यात भरली की वाफ धरते आणि सकाळपर्यंत मऊ पडते, म्हणून ती पसरून गार करावीच लागते. खाली वर्तमानपत्र घालायचं नाही, कारण छपाईची शाई तेलात उतरते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही ते वापरू नका असं बजावलेलं आहे. म्हणजे कोरा कागद आणला. डायनिंग टेबल दुसऱ्या घाण्यालाच भरलं. मग हॉलमधल्या दिवाणावर धुतलेली चादर, चादरीवर कागद, कागदावर चकल्या. पंखा बंद, कारण वारा थेट शेगडीपर्यंत जातो आणि गॅस फडफडतो. नेमके तेव्हा सासरे जेवून हात पुसत येतात, दिवाणाकडे पाहतात आणि विचारतात, "मी कुठे पडू?"

या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल तर पायरी दुसरी वाचावी. नसेल तरीही वाचावी.

पायरी दुसरी : भाड्याचा तक्ता करणे

घरातून करणाऱ्याला भाडं पडत नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. हे सांगणारे बहुधा त्या घरात राहत नसतात.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे गाळ्याचा खर्च लिहा : डिपॉझिट, दलाली, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, व्यापारी दराचं वीजबिल, बोर्ड, शटरचं कुलूप, उद्घाटनाचे पेढे. उजवीकडे घराचं भाडं लिहा : सासऱ्यांची वामकुक्षी, सासूबाईंची मालिका (मिक्सर चालू असताना संवाद ऐकू येत नाहीत), मुलाचा अभ्यासाचा कोपरा, पडद्यांना धरलेला तळणीचा वास, आणि "मी काही टीव्ही बघत नाही" असं म्हणणाऱ्या नवऱ्याची क्रिकेटची मॅच.

फरक इतकाच, की गाळ्याचं भाडं महिन्यातून एकदा, एकाच माणसाला द्यायचं असतं. घरातलं भाडं रोज थोडं थोडं, सगळ्यांकडून वसूल होतं. त्याची पावती कोणी मागत नाही, पण हिशेब प्रत्येक जण ठेवतो आणि पहिल्याच भांडणात तो व्याजासकट मांडला जातो.

पायरी तिसरी : कायद्याला बसायला पाट देणे

घरात करतोय म्हटल्यावर कायदा उंबऱ्याबाहेर चपला काढून परत जातो, असा एक गोड समज आहे. तो आत येतो. खाद्यपदार्थ विकायचे तर स्वयंपाकघर कितीही लहान असो, अन्न सुरक्षेची नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, त्याला १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो ओट्याखालच्या कप्प्यात मावत नाही आणि त्याच्या किमतीने चकलीचा भाव हलतो. विजेच्या बाबतीत महावितरण थोडं मवाळ आहे : राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय केला तरी महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत असाल, तर दर घरगुतीच राहतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे. तिचे पैसे मागतो तो सरकार नव्हे, मधला माणूस.

राहता राहिली सोसायटी. तळणीच्या वासाची तक्रार लेखी येण्याआधी चेअरमनांकडे अर्धा किलो चिवडा 'नमुना' म्हणून पाठवावा. ही तरतूद उपविधींमध्ये शोधू नये.

पायरी चौथी : बेल कोण उघडणार हे ठरवणे

घरी काम करणारी बाई घरीच असते, आणि घरी असते म्हणजे मोकळी असते, हे शेजाऱ्यांचं ठाम मत आहे. त्यानुसार समोरच्यांचं कुरिअर तुमच्याकडे येतं, वरच्यांची किल्ली तुमच्याकडे राहते आणि तिसऱ्या मजल्यावरचा नातू "तासभरच" म्हणून येऊन जेवून झोपतो. गिऱ्हाईकही बेलच वाजवतं, रात्री साडेदहाला : "खालूनच चाललो होतो, म्हटलं अर्धा किलो शेव घेऊन जाऊ." चिवड्याला हात लावायचा की दाराला, हा निर्णय दिवसातून वीस वेळा घ्यायची तयारी हवी.

गाळ्यात बेल नसते. गाळ्यात अख्खी दुपार असते. पहिले तीन महिने लोक येतात ते झेरॉक्सचं दुकान कुठे आहे हे विचारायला. शिवाय गाळा घेतला म्हणून घरचं काम गाळ्यात जात नाही. ते फक्त सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठच्या नंतर सरकतं.

पायरी पाचवी : थोरांनी काय केलं ते पाहणे

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती ना घरात, ना गाळ्यात. त्या सरळ गच्चीवर गेल्या. पुढे त्याचं 'लिज्जत' झालं, आणि तिथली रीत आजही बघण्यासारखी आहे : पीठ एका ठिकाणी मळायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणायचं आणि मजुरी घ्यायची. सोलापूरच्या बिडी कामगार बायकांचंही तेच : पानं-तंबाखू कारखान्याची, वळायचं घरी.

यातून घेण्यासारखं ते असं, की धंदा अख्खाच्या अख्खा एका ठिकाणी मांडायची सक्ती नाही. जे पसरतं, वास सोडतं आणि आवाज करतं ते बाहेर न्यावं. जे मांडीवर घेऊन करता येतं ते घरात राहू द्यावं. फराळवाल्यांसाठी तर सोय आयतीच आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, लगीनसराई तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे ऐन दिवाळीच्या आधी मंगल कार्यालयांचे भटारखाने बरेचदा रिकामे असतात. मोठ्या शेगड्या, मोठी पातेली, धुवायला मोरी, पसरायला अख्खा हॉल. पंधरा दिवसांपुरतं ठरवता आलं, तर तळण तिथे करावं आणि वजन करणं, पाकिटं भरणं, लेबलं लावणं घरी आणावं. या कामांना दिवाणाचा एक कोपरा पुरतो आणि सासरे आनंदाने लेबलं चिकटवतात. ती वाकडी लागतात. काही बोलू नये.

पायरी सहावी : घरालाही भाडं देणे

तरीही सगळं घरातूनच करायचं ठरलं, तर दर महिन्याच्या पाच तारखेला धंद्याच्या पैशांतून ठरलेली रक्कम भाडं म्हणून घरखर्चात जमा करा. सगळ्यांदेखत करा. भाडं भरणाऱ्याला दुपारच्या दिवाणावर हक्क सांगता येतो, आणि "दिवसभर घरीच तर असतेस" हे वाक्य आपोआप अर्ध्यावर थांबतं. त्याच वहीत स्वतःची मजुरीही लिहा. भाजणी, तेल, गॅस, पाकीट एवढंच धरून भाव काढला, तर सोऱ्या दाबणारा हात फुकट जातो.

हे भाडं आणि ही मजुरी वजा जाता हाती काहीच उरत नसेल, तर घर की गाळा हा तुमचा प्रश्नच नाही. चकलीचा भाव वाढवा. तो कसा वाढवावा याची मार्गदर्शिका स्वतंत्र असून तिच्यातलं सर्वांत लांबलचक प्रकरण नातेवाइकांवर आहे.